सशर्त तर्क (सर्व्हर कॉन्फिगरेशनमधील)

सर्व्हरची मांडणी कोडमधून ठरवताना ‘अमुक अट खरी असेल तरच हे काम करा’ अशा नियमांची केलेली योजना. एकच कोड अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालावा, हा तिचा हेतू.

समजा, दौलताबादच्या एका शाळेतील सर्व्हर डेबियनवर आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातील सर्व्हर रेड हॅटवर चालतो. दोन्हींवर अपाची हा वेब सर्व्हर हवा आहे. त्याच्या पॅकेजचे नाव डेबियनमध्ये ‘अपाची२’, तर रेड हॅटमध्ये ‘एचटीटीपीडी’. नाव निवडण्याआधी यंत्र कोणते, हे कोडला तपासावे लागते.

इतिहास : मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन हे सर्व्हरची मांडणी करणारे साधन तयार केले. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, वेळ इत्यादींवरून यंत्राचे वर्ग ठरतात व नियम वर्गाला लागू होतात. पपेट, शेफ व अ‍ॅन्सिबल ही त्याच प्रकारची पुढची साधने. पपेट (२००५) मध्ये ‘इफ’, ‘अनलेस’, ‘केस’ व सिलेक्टर आहेत. यंत्राची माहिती त्याला फॅक्टर हे जोडसाधन पुरवते. शेफ (२००९) मध्ये ‘ओन्ली इफ’ व ‘नॉट इफ’, तर अ‍ॅन्सिबल (२०१२) मध्ये ‘व्हेन’ वापरतात.

अट तपासण्याची वेळ : अट कधी तपासली जाते, हा यातील कळीचा मुद्दा. पपेटमध्ये कॅटलॉग (यंत्राच्या अपेक्षित स्थितीची यादी) बनतानाच अटींचा निकाल लागतो. त्यानंतर यंत्रावर झालेले बदल त्या फेरीत (साधनाच्या एका चालवणीत) विचारात येत नाहीत. शेफमध्ये रुबीचा साधा ‘इफ’ संकलनाच्या टप्प्यात चालतो आणि ‘ओन्ली इफ’ प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या वेळी. त्यामुळे त्याच फेरीत आधीच्या पायरीने तयार होणारी फाइल साध्या ‘इफ’ला दिसत नाही. अ‍ॅन्सिबलमध्ये ‘व्हेन’ प्रत्येक यंत्रासाठी कामाच्या आधी तपासला जातो. म्हणून ‘रजिस्टर’ने टिपलेला आधीच्या कामाचा निकाल अटीत वापरता येतो.

दक्षता : खरे-खोटे ठरवण्याचे नियम साधनागणिक बदलतात. पपेटच्या चौथ्या आवृत्तीपासून रिकामी अक्षरमाला खरी मानली जाते. त्याआधी ती खोटी होती. ‘केस’मध्ये ‘डीफॉल्ट’ शाखा जरूर द्यावी आणि अनोळखी यंत्र आढळल्यास तेथे स्पष्ट त्रुटी दाखवून काम थांबवावे. शाखा गाळली, तर काम न होताही फेरी यशस्वी झाल्यासारखी दिसते.

अटी वाढल्या की प्रत्येक शाखा वेगळी तपासावी लागते. पॅकेजची नावे, पोर्ट, फाइलींचे मार्ग असे नुसत्या मूल्यांचे फरक पपेटच्या हायरा किंवा अ‍ॅन्सिबलच्या ग्रुप व्हार्स या कोडबाहेरच्या माहितीसाठ्यांत ठेवावेत. कोडमधील अटी कृतीच वेगळी असेल तेथे वापराव्यात. अशी मांडणी नव्या प्रशासकालाही वाचता येते आणि निर्धास्तपणे बदलता येते.