उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो, असें आपल्याकडे म्हणतात. हीं बारा वर्षें तीन महिन्यांवर कशीं आलीं, आणि तरीहि बीड जिल्ह्यांतील उकिरड्याचा पांग अद्याप कां फिटला नाहीं, हा इतिहास आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्टीवरील जुन्या शेतकरी घरांत वायां जाण्यासारखें फारसें कांहीं नसेच. भाजीचीं देंठें व कोंडा गुरांपुढें जाई, राखेनें भांडीं घांसलीं जात, शेणाच्या गोवऱ्या होत, आणि पऱ्हाट्या-तुराट्या चुलींत जळत. उरलेला केर तेवढा उकिरड्यावर पडे. तेथें तो उन्हानें वाळे आणि पावसांत त्याचा कस वाहून जाई. ह्यावरून शेतकऱ्यास अडाणी ठरविणारे पंडित पुष्कळ झाले. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत डॉ. व्होल्कर ह्या इंग्रज रसायनज्ञानें मात्र मुळावर बोट ठेविलें: शेण जळतें तें सरपण मिळत नाहीं म्हणून. खताचा प्रश्न हा आधीं चुलीचा प्रश्न होय, हें इतक्या स्पष्टपणें सांगणारे थोडेच.

पुढें १९२४ सालीं इंदुरास, मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठीं, एक संस्था निघाली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं चिनी शेतकऱ्यांच्या खताचीं वर्णनें वाचिलेलीं होतीं. कापूस म्हटला कीं पऱ्हाट्या आल्याच, व त्या लवकर कुजत नाहींत. हॉवर्डांनीं त्या गाडीवाटेवर पसरल्या. चाकांखालीं व बैलांच्या खुरांखालीं त्यांचा चुरा झाला. मग तो चुरा, पालापाचोळा, शेण, राख व गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती ह्यांचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यांत रचावयाचे, पाणी शिंपडावयाचें आणि तीन वेळां सर्व वरखालीं करावयाचें. ढीग आंतून तापतो, वरखालीं केल्यानें हवा खेळते, आणि सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत तयार होतें. पावसाळ्यांत खड्डे पाण्यानें भरतात, म्हणून तेव्हां जमिनीवरच ढीग घालीत. ही पद्धत १९३१ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें आली. त्या पुस्तकावर हॉवर्डांच्या जोडीस यशवंत वाड ह्या रसायनज्ञ सहकाऱ्याचें नांव आहे. पण जगानें एकच नांव ध्यानांत ठेविलें. ह्याचा आम्हांस विषाद वाटतो.

ह्या पद्धतीस शेण मुबलक लागतें, आणि पुन्हा पुन्हा ढीग उलथण्यास हात लागतात. ही अडचण यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनीं ओळखली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून प्रसिद्ध झालेली 'नाडेप' टांकी म्हणजे जाळीदार विटांच्या भिंतींची, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच. तींत काडीकचरा व माती भरपूर, शेण मात्र थोडें. हवा भोंकांतून आपोआप जाते, म्हणून उलथापालथ नको. तीन-चार महिने ओल राखली म्हणजे झालें.

आतां बीडकडे वळूं. येथील असंख्य कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, आणि गाडीवानांचे बैलहि त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे गांवचें शेण पश्चिमेकडील कारखान्यांच्या तळांवर पडतें! पऱ्हाट्या उपटण्याच्या दिवसांत घरीं राबते हात नसतात, व त्या बांधावरच जाळून टाकणें सोपें पडतें. गॅसची शेगडी आली, चुलीचा कांहीं भार हलका झाला. पण सुटलेलें सर्व शेण खड्ड्यांत जाण्याऐवजीं कांहीं अंशीं बैलच गांव सोडून गेले. अशा घरास इंदूरचा खड्डा परवडणार नाहीं. मूग-उडिदाचा भुसा, सोयाबीनचें काड, रानांतील तण हीं निघण्यापूर्वीं टांकींत भरून तोंड शेणमातीनें लिंपतां येतें. मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांनीं अधूनमधून भेगा लिंपाव्या, पाणी शिंपडावें. मंडळी उन्हाळ्यांत परत येतात तोंवर खत तयार असतें, आणि मृगाच्या पेरणीस तें शेतांत पसरण्यापुरता वेळहि उरतो.