नॉटिंगहॅमचे रीळ आणि अंगठ्याची विद्या

मराठीत 'रीळ' म्हटले की शिवणाच्या डब्यातला दोरा डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमध्ये गळाच्या काठीला दोर गुंडाळण्यासाठी जे चाक लावतात, त्यालाही रीळच म्हणतात. या दोन रिळांचे नाते नुसते नावापुरते नाही. काठी आणि गळ घेऊन नदीवर बसणाऱ्यांच्या हातात गेल्या दोनशे वर्षांत जी दोन महत्त्वाची रिळे आली, ती दोन्ही सुतावर जगणाऱ्या शहरांतून आली. नॉटिंगहॅमने सेंटरपिन दिले. पुढे त्याला जवळजवळ हद्दपार करणारे स्थिर रीळ ब्रॅडफर्डने दिले. हा इतिहास बहुधा ओबडधोबड साधनाकडून सुधारलेल्या साधनाकडे झालेली वाटचाल म्हणून सांगितला जातो. मला ही मांडणी पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

काठीला चाक लावण्याची कल्पना इंग्लंडची नव्हे. चिनी चित्रकार मा युआन याचे सुमारे ११९५ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे. हिवाळ्यातले सरोवर, त्यात एकच लहानशी होडी, होडीत एकटा कोळी. आणि त्याच्या काठीला स्पष्ट दिसणारे चाक. इंग्रजीत असा उल्लेख येतो तो १६५१ मध्ये, थॉमस बार्कर याच्या गळविद्येवरील पुस्तिकेत. पण नंतरची दीडएकशे वर्षे हे चाक म्हणजे मुख्यतः दोराचे कोठार होते. मोठा मासा लागला आणि पळू लागला, तर त्याला द्यायला जादा दोर असावा, एवढेच त्याचे काम. पितळी, अरुंद, फिरताना करकरणारी ही चाके सामन आणि ट्राउट माशांच्या मागे जाणाऱ्यांची होती. हे मासे आणि त्यांची स्वच्छ, खळाळती पाणी बहुतेक जमीनदारांच्या मालकीची असत.

नॉटिंगहॅमची ट्रेंट नदी वेगळी. रुंद, संथ आणि ताकदीची. तिच्यात रोच, चब आणि बार्बेल असे मासे. बार्बेल म्हणजे तोंडाशी मिशा असलेला, तळाशी चरणारा मासा, आपल्या महसीराच्याच कुळातला. या सगळ्यांना इंग्रजीत मिळून 'भरड मासे' अशा अर्थाचा शब्द आहे. तो शब्द माशांबरोबर ते पकडणाऱ्यांचीही पायरी सांगतो. ट्रेंटमधला मासा काठाजवळ येत नाही आणि माणसाची चाहूल लागली की पांगतो. त्याला गाठायचे तर आमिष तीस-चाळीस मीटर खाली, प्रवाहाबरोबर, सैल सुटलेल्या किड्यासारखे वाहत गेले पाहिजे. दोर कुठेही अडला की आमिष थबकते आणि माशाला शंका येते. थोडक्यात, ट्रेंटच्या माणसाला दोर साठवणारे चाक नको होते, दोर सोडणारे चाक हवे होते.

असे चाक बनवू शकणारी माणसे त्याच गावात होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅम ही मोज्यांची आणि लेसची राजधानी होती. १८११ मध्ये ज्यांना पुढे 'लुडाइट' म्हटले गेले, त्या माग फोडणाऱ्या कारागिरांचे बंड याच परगण्यात सुरू झाले. त्यांचा राग यंत्रावर सरसकट नव्हता. मजुरी पाडून हलका माल काढणाऱ्या मालकांचे माग ते फोडत. १८१२ मध्ये सरकारने माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली, आणि त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन उमरावांच्या सभागृहात बोलला. अशा या गावात लाकडाची रिळे आणि चक्र्या कातणारे कातारी होते. लेसची बॉबिन उचलून कोणीतरी काठीला बांधली आणि नॉटिंगहॅमचे रीळ जन्मले, अशी एक कथा सांगतात. ती शब्दशः घेता येत नाही. कारण लेसयंत्रातली बॉबिन म्हणजे पितळेची पातळ चकती असते, तिच्यावर मासेमारीचा दोर मावणार नाही. सुताच्या धंद्यातून आली ती वस्तू नव्हे, नजर आली. दोरा न अडकता, न तुटता, हव्या त्या वेगाने कसा सुटावा, हा प्रश्न त्या गावात रोजच्या भाकरीचा होता.

नॉटिंगहॅमचे रीळ दिसायला अगदी साधे. अक्रोडासारख्या लाकडाची कातलेली रुंद चकरी, मागे लाकडी पाठ, मधोमध धातूची एक खिळी. चकरी त्या खिळीवर फिरते; सेंटरपिन हे नाव त्यावरूनच. दातेरी चाके नाहीत. हाताचा एक फेरा म्हणजे चकरीचाही एकच फेरा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकरीवर एका फेऱ्यात जेमतेम तीस सेंटिमीटर दोर येतो. पावसात लाकूड फुगे आणि चकरी घासू लागे, म्हणून पुढे पाठीवर चांदणीच्या आकाराची पितळी पट्टी ठोकू लागले. अशा कितीतरी जुन्या रिळांवर बनवणाऱ्याचे नाव नाही.

मराठी वाचकाला याची कल्पना यायची तर येवल्याची आसारी आठवावी. संक्रांतीला तिथे पतंग उडवतात तो आसारीवर. बांबूच्या काड्यांचा हलका सांगाडा हातात गरगर फिरतो आणि पतंग स्वतःच्या ओढीने दोरा घेत जातो. पैठणी विणणाऱ्यांच्या घरात रेशीम गुंडाळण्याचे जे साधन असते, त्याचेही नाव हेच. विणकरांच्या गावाने धाग्याचे साधन वाऱ्याशी खेळायला नेले. नॉटिंगहॅमने ते पाण्याशी खेळायला नेले.

आता शिकण्याविषयी. सेंटरपिनची सारी मेख अशी की त्यात लगाम नाही. लगाम म्हणजे अंगठा. प्रवाह बूच ओढतो, बूच दोर ओढते, दोर चकरी फिरवतो, आणि अंगठा चकरीच्या कडेवर पिसासारखा टेकलेला असतो. तो उचलला तर चकरी प्रवाहापेक्षा जोरात पळते, दोर सैल पडून तिच्याभोवती वेटोळी घालतो आणि पुढचा अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. अंगठा जरा जड झाला तर आमिष थबकते. शिकणाऱ्याचे पहिले दिवस या दोन चुकांमध्ये हेलकावे खाण्यात जातात.

तिसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. नदीचे पाणी वर जोरात आणि तळाशी हळू वाहते. बूच वर असते, आमिष खाली. बूच मोकळे सोडले तर ते पुढे धावते आणि आमिषाला फरफटत नेते. म्हणून जाणकार माणूस बुचाला किंचित मागे धरतो, म्हणजे आमिष त्याच्या पुढे, तळाच्या पाण्याच्या वेगाने जाते. मधूनच क्षणभर अधिक धरले की आमिष तळावरून अलगद उचलले जाते आणि पुष्कळदा त्याच क्षणी मासा तोंड घालतो. बूच बुडाले की तोच अंगठा कड घट्ट दाबतो, काठी उचलली जाते आणि गळ रुततो. मासा पळू लागला की तोच अंगठा सैल होतो. सोडणे, रोखणे, हिसका देणे आणि दमवणे ही चारही कामे एकाच जागी, एकाच कातडीखाली चालतात. रिकामा दोर परत घेताना मूठ न फिरवता चकरीच्या कडेवर बोटांनी टपल्या मारत जातात. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो, पण वेळ वाचतो.

ही विद्या काठावर बसूनच शिकली जाई. शनिवारची अर्धी सुटी रुजू लागली होती आणि नदी गावाला लागूनच होती. पण ज्यांच्या शेजारी जाणता माणूस नव्हता, त्यांच्यासाठी त्याच वर्तुळातल्या माणसांनी पुस्तके लिहिली. नॉटिंगहॅमच्या विल्यम बेली याचे 'द अँगलर्स इन्स्ट्रक्टर' १८५७ मध्ये आले. 'ट्रेंट ऑटर' म्हणजे ट्रेंटचे पाणमांजर या टोपणनावाने लिहिणाऱ्या जे. डब्ल्यू. मार्टिन याचे नॉटिंगहॅम पद्धतीवरचे पुस्तक १८८२ मध्ये निघाले. भरड माशांवर आणि लाकडी चकरीवर पुस्तक लिहावे, हीच त्या काळात एक भूमिका होती. १८७८ मध्ये या माशांना कायद्याचे संरक्षण मिळाले. १५ मार्च ते १५ जून हा विणीचा काळ बंदीचा ठरला. कायदा आणणारा ए. जे. मंडेला हा शेफील्डचा खासदार, पण मूळचा नॉटिंगहॅमचा मोज्यांचा कारखानदार. त्यानेच १८६० मध्ये तिथे मालक आणि कामगार यांच्यासाठी लवाद मंडळ उभे केले होते. इंग्लंडच्या नद्यांवर १६ जूनला हंगाम उघडतो, तो अजूनही त्याच कायद्याच्या हिशेबाने.

१८९६ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्याच हेन्री कॉक्सनच्या कल्पनेतून 'एरियल' हे रीळ आले. सुया आणि गळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेडिच गावच्या ऑलकॉक कंपनीने ते बनवले. भरीव लाकडाऐवजी सायकलच्या चाकासारखे ताणलेल्या तारांचे आरे. त्यामुळे चकरी इतकी हलकी की मंद प्रवाहातही फिरावी. नॉटिंगहॅमच्या एफ. डब्ल्यू. के. वॉलिसने या रिळावरून दूर फेकण्याची रीत नावारूपाला आणली. डाव्या हाताने दोर ओढून चकरीला आधीच गती द्यायची, त्याच लयीत काठी फिरवायची आणि बूच पाण्याला टेकण्याआधी अंगठ्याने चकरी थांबवायची. ती फेक आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९३७ मध्ये हॅम्पशायरच्या एव्हन नदीत त्याने १४ पौंड ६ औंसांचा, म्हणजे साडेसहा किलोंचा बार्बेल पकडला.

पण फेक हीच सेंटरपिनची दुखरी बाजू होती. जड चकरीला फिरवल्याशिवाय दोर सुटत नाही, मग हलके आमिष दूर जाणार कसे? स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉकने १८८४ मध्ये फेकण्यापुरते चाक आडवे वळवण्याची युक्ती काढली. पुढचे पाऊल ब्रॅडफर्डच्या कापड उद्योगातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थचे. गिरणीत चातीच्या टोकावरून सूत निसटते, चाती मात्र जागची हलत नाही. त्याच तत्त्वावर त्याने १९०५ मध्ये स्थिर रिळाचे पेटंट घेतले. आता कोणीही नवशिका तासाभरात हलके आमिष दूर फेकू शकत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या मिचेलसारखी रिळे स्वस्त झाली आणि सेंटरपिन पोटमाळ्यावर गेले.

याला प्रगती म्हणावे का? फेकण्यापुरते, निःसंशय. ज्याला रविवारचे चार तासच मिळतात, त्याला गुंत्याची शिक्षा देण्यात काही थोरवी नाही. पण स्थिर रिळावरून दोर सुटतो तो वेटोळ्या-वेटोळ्यांनी. वाहत्या बुचाला अखंड, केसाएवढ्या फरकाने धरून ठेवण्याचे काम त्याला सेंटरपिनसारखे जमत नाही. नव्या साधनाने जुन्याचे एक काम अधिक चांगले केले आणि दुसरे सोडून दिले. आपण मात्र हिशेब मांडताना पहिलेच काम मोजतो. हातमागाच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे.

म्हणूनच सेंटरपिन मेले नाही. इंग्लंडच्या नद्यांवर ते परत दिसू लागले आणि उत्तर अमेरिकेत महासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवर स्टीलहेड ट्राउटसाठी त्याचा नवा संप्रदायच उभा राहिला. ही नवी रिळे यंत्रावर कातलेल्या ॲल्युमिनियमची आहेत, त्यांत बॉल बेअरिंग आहेत, आणि फुंकर मारली तरी फिरतील इतकी ती हलकी आहेत. त्यांच्या कारागिरांना प्रवाहाच्या वेगाबरोबर आपोआप कमी-जास्त होणारा लगाम बसवणे अवघड नव्हते. त्यांनी तो बसवला नाही. अंगठ्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.