दोन हौशी मल्ल : जाधव आणि माणगावे

१५ जानेवारी हा कै. खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस महाराष्ट्र शासनानें राज्य क्रीडादिन म्हणून ठरविल्यापासून आमच्या घाटकोपर-मुलुंडकडील शाळा-महाविद्यालयांतून त्या सुमारास एखादें व्याख्यान होतेंच. अशाच एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, हेलसिंकीस त्यांच्याबरोबर दुसरा कोणी मराठी मल्ल होता काय?" होता, असें आम्हीं सांगितलें व त्यांचें आडनांवही सांगितलें. परंतु पूर्ण नांव विचारतांच आम्ही किंचित् घोटाळलों. कारण माणगावे यांचें नांव कांहीं याद्यांत केशव असें आढळतें, तर कांहीं ठिकाणीं कृष्णराव. आद्याक्षरें मात्र दोहोंकडे तींच, के. डी.; आणि खाशाबा दादासाहेब जाधव यांचींही तींच! एकाच कुस्तीपरंपरेंतून निघालेले, एकाच सालीं एकाच संघांतून परदेशीं गेलेले हे दोन के. डी. एकाचा जन्मदिवस आज राज्याचा सण झाला आहे, आणि दुसऱ्याच्या नांवाबद्दलही एकवाक्यता नाहीं. या अंतराचें मूळ त्यांच्या कुस्तींत आहे कीं आपल्या स्मरणशक्तींत, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

दोघेही हौशी मल्ल होते. हौशी हा शब्द आम्ही जाणून वापरतों, कारण त्याचा अर्थ इंग्लंडांत एक आणि कोल्हापुरांत दुसरा. हेन्ले येथील नौकाशर्यतींच्या चालकांनीं १८७९ सालीं हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तींत कारागीर व मजूर यांना उघडउघड दार बंद होतें. ज्याला पोटासाठीं हात चालवावे लागतात त्याचे हात आधींच कसलेले, सबब सद्गृहस्थाशीं त्याची बरोबरी लावूं नये, असा तो न्याय! पुढें ऑलिंपिकच्या चालकांनीं वर्गाची अट ठेविली नाहीं, परंतु पैशाची ठेविली. अमेरिकेच्या जिम थॉर्पनें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें दोन सुवर्णपदकें मिळविलीं. त्यानें पूर्वीं कधीं बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, एवढ्यावरून तीं काढून घेण्यांत आलीं. तीं परत करण्याचें १९८२ सालीं ठरलें, तेव्हां थॉर्पला जाऊन एकोणतीस वर्षें झालीं होतीं.

हा सोंवळेपणा आमच्या मातींत रुजावा कसा? येथें जत्रेच्या फडांत पोराची पहिली कुस्ती रेवड्यांवर लागते. तो वाढतो तसें इनाम वाढतें, आणि त्या इनामांतून दुधातुपाचा व बदामांचा खुराक चालतो. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें, तेथें मल्ल लढे तो इनामासाठीं आणि तालमीच्या नांवासाठीं, आणि त्यांत कोणास कांहीं उणें वाटत नसे. शिवाय आखाड्यांत घड्याळ नव्हतें. पाठ मातीला लागली कीं निकाल, तोंवर कुस्ती चालू. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तींत वजनाचे गट, पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि कोणी चीत न झाल्यास तीन पंचांचें मत. मातींत वाढलेल्या मल्लाला हा जवळजवळ नवा खेळच होता.

तो नवा खेळ खाशाबा शिकले तो लंडनमध्यें. कऱ्हाडजवळील गोळेश्वर हें त्यांचें गांव. जन्म १९२६ सालचा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांतून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत आले, आणि १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथें रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें त्यांना गादीवरच्या युक्त्या दाखविल्या. ५२ किलोंच्या गटांत ते सहावे आले. तेवढ्या शिकवणीवर एवढें मिळविणें ही बुद्धीची कुस्ती होती, असें आम्हांस वाटतें. नुसत्या बळानें हें होत नाहीं.

१९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यापूर्वीं मात्र त्यांना घरींच दोन कुस्त्या जिंकाव्या लागल्या. पहिली निवडीची. निवडींतून वगळले गेल्यावर त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली व पुन्हां कुस्ती लावून घेऊन जागा मिळविली, असें सांगतात. दुसरी पैशाची. प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली. ज्या स्पर्धेंत पैशाला शिवलेला खेळाडू चालत नसे, तिच्या दारापर्यंत पोंचण्यास एका शिक्षकाचें घर सावकाराकडे जावें लागलें!

आतां हेलसिंकीचा हिशेब पाहूं. तेथील नियम दोषगुणांचा होता. प्रतिस्पर्ध्यास चीत केल्यास दोष नाहीं. केवळ पंचांच्या मतानें जिंकल्यास एक दोष. हरल्यास त्याहून अधिक. पांच दोष भरले कीं मल्ल बाहेर. असे गळत गळत शेवटीं जे तिघे उरत, त्यांच्या आपसांतील कुस्त्यांवरून पदकांचा क्रम लागे. खाशाबा ५७ किलोंच्या गटांत होते. त्यांनीं कॅनडाच्या पोलिकिनला, मेक्सिकोच्या बासुर्टोला व जर्मनीच्या श्मिट्झला हरविलें, आणि शेवटच्या तिघांत ते पोंचले. तेथें जपानचा इशिई आणि रशियाचा मामेदबेकोव या दोघांनींही त्यांना जिंकलें. या दोन कुस्त्यांच्या मध्यें नियमाप्रमाणें विश्रांति मागावयास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, ही हकीकत प्रसिद्धच आहे. २३ जुलै १९५२ रोजीं कांस्यपदक त्यांच्या गळ्यांत पडलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें १९९६ सालीं लिएंडर पेसला मिळेपर्यंत चव्वेचाळीस वर्षें गेलीं.

माणगावे त्याच स्पर्धेंत ६२ किलोंच्या गटांत लढले. त्या गटांत तुर्कस्तानचा बायराम शित पहिला, इराणचा गिवेहची दुसरा, अमेरिकेचा हेन्सन तिसरा. आणि चौथे माणगावे. एका गुणानें पदक हुकलें, असें कोल्हापुराकडे आजही म्हणतात.

वरील नियम लक्षांत घेतला म्हणजे एक गोष्ट दिसते, ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. खाशाबांनीं पदकाच्या फेरींतील कोणतीही कुस्ती जिंकली नव्हती. त्यांचें पदक आधींच्या फेऱ्यांत मिळालेलें होतें. माणगावे यांचें पदक गेलें तेंही त्याच फेऱ्यांत. एकाचे पांच दोष भरण्यापूर्वीं गटांत तिघे उरले, दुसऱ्याचे चौघे असतांना भरले. दोघांमध्यें अंतर होतें तें इतकेंच. याचा अर्थ दोघे सारखेच मोठे, असा कोणी करूं नये. दोन ऑलिंपिक, मधल्या चार वर्षांत एक गट चढून सहाव्याचे तिसरे होणें, आणि त्यांचा तो प्रसिद्ध ढाक डाव. इतकें माणगावे यांच्या खातीं दाखवितां येत नाहीं. खाशाबा श्रेष्ठ खरेच. परंतु श्रेष्ठत्वाचें माप एक आणि विस्मरणाचें माप दुसरें.

कोणी म्हणेल, चौथ्याची आठवण जग कोठें ठेवतें? ठेवतें. १९६० सालीं रोम येथें मिल्खासिंग चौथे आले, १९८४ सालीं लॉस एंजल्सला पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानें चौथ्या आल्या. या दोन चौथ्या क्रमांकांवर आपल्या देशानें जितके अश्रु ढाळले तितके कित्येक पदकांवरही आनंदानें ढाळले नसतील. मात्र त्यांच्या शेजारीं त्या दिवशीं आपल्यांपैकीं कोणी तिसरा उभा नव्हता. माणगावे यांच्या शेजारीं होता, आणि तोही त्यांच्याच मुलखांतला. त्यांत त्याच सालीं हॉकीच्या संघानें सुवर्णपदक आणलेलें. देशाचें बहुतेक कौतुक तिकडेच गेलें, उरलेलें कऱ्हाडच्या मिरवणुकींत खर्च झालें. शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या म्हणतात त्या मिरवणुकीला.

पाश्चात्त्य मुष्टियोद्ध्यांची गोष्ट येथें आठवते. १९६० सालीं रोमला कॅशियस क्ले यानें सुवर्णपदक घेतलें व त्याच वर्षीं तो धंदेवाईक झाला. जो फ्रेझर १९६४ सालीं टोकियोला गेला तो बदली म्हणून. निवडींत त्याला हरविणारा बस्टर मॅथिस जखमी झाला होता, आणि फ्रेझर सुवर्णपदक घेऊन परतला. दोघांनाही हौशी कारकीर्द ही पायरी होती. पुढें लक्षावधि डॉलर होते, आणि पुढचें यश मागच्या चुका झांकून टाकी. आमच्या मल्लांना वर पायरीच नव्हती. खाशाबा १९५५ सालीं पोलीस खात्यांत उपनिरीक्षक झाले, १९८३ सालीं सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत रस्त्यावरील अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. म्हणजे ज्याला आपण स्मृतींत ठेविलें त्यालाही जिवंतपणीं फारसें कांहीं दिलें नाहीं. मग चौथ्याचें गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें?

हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनीं पहिलें काम केलें तें कुस्त्यांचीं मैदानें भरविण्याचें. मिळालेल्या पैशांतून त्यांनीं खर्डेकरांचें कर्ज फेडलें आणि गुरूचें घर सोडवून दिलें. हौशीपणाच्या इंग्रजी व्याख्येंत हें कोठें बसतें, तें त्या नियमाच्या कर्त्यांनीं ठरवावें. त्या विद्यार्थ्यास आम्हीं ही हकीकत सांगितली. त्यानें ती वहींत उतरून घेतली. मग खालीं माणगावे असें लिहून, पुढें दोन्ही नांवें घालून मध्यें प्रश्नचिन्ह काढलें.