मुदत तारखेची, सुटका तिथीची

‘नगरपालिका हद्द आणि लगतचा तीन किलोमीटरचा परिसर.’ २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, गंगाखेडकरांना हे शब्द तोंडपाठ झाले होते. परभणीहून जिल्हाधिकाऱ्यांचा संचारबंदीचा आदेश निघाला, की काही मिनिटांत तो गावातल्या मोबाइलवर फिरू लागे. परभणी महापालिकेला पाच किलोमीटर, नगरपालिकांना तीन. वाचणाऱ्याची नजर मधला मजकूर ओलांडून थेट शेवटच्या तारखेवर जायची. कधी सुटणार? आणि ती तारीख जवळ आली, की पुन्हा नवा आदेश.

गंगाखेडात तीन किलोमीटर म्हणजे जवळजवळ सगळंच. परभणीकडून येणारा गोदावरीचा पूल, परळीच्या लोहमार्गावरचं स्टेशन, मोंढा, घाट, संत जनाबाईचं मंदिर. गाव दक्षिण काशी म्हणवून घेतं. लांबलांबची माणसं इथे दशक्रियेला येतात, पर्वणीला स्नान करतात. अशा गावाला घरात बसवणं म्हणजे त्याचं येणंजाणंच थांबवणं.

लोकांना घरात बसवण्याचा हा अधिकार ज्या कायद्यांतून आला, त्यांतला एक १८९७ चा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा अमलात आला. जेमतेम चार कलमं. नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारने ‘तात्पुरते’ नियम करावेत, न मानणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि अंमलबजावणी करणाऱ्याला संरक्षण मिळावं, एवढाच त्याचा गाभा. साथ म्हणजे नेमकं काय, हे त्यात सांगितलेलं नाही. तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हेही नाही. पुण्यात त्याच्या अंमलबजावणीने काय केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. घरात घुसून झालेल्या झडत्या, बाहेर फेकलेलं सामान आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच साथीची ही दोन रूपं. एक सक्तीचं, दुसरं पाठीवर रुग्ण वाहून नेणाऱ्या माणुसकीचं.

गंगाखेड मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तिथे आपोआप लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. केंद्राच्या कायद्याच्या पहिल्याच कलमातली एक ओळ मात्र तशीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ‘ब’ वर्गातील राज्यांत असलेला प्रदेश वगळून, अशी ती ओळ. हैदराबाद हे ‘ब’ वर्गातलंच राज्य. राज्यांना आपल्या कायद्याने असा विस्तार करून घेता येत असे हे खरं, पण मूळ मजकुरात हा मुलूख सहा दशकं वगळलेलाच होता. ती ओळ काढली गेली २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा देणारा म्हणून तो अध्यादेश गाजला. त्यात मराठवाड्याच्या इतिहासाचा हा एक धागाही होता, तो फारसा कुणाच्या नजरेत आला नाही.

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला, २३ मार्चला संचारबंदी आली आणि २४ च्या मध्यरात्रीपासून सारा देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला. १४ एप्रिलला ती मुदत संपायची होती. दिल्लीचा निर्णय व्हायच्या आधीच, ११ एप्रिलला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महाराष्ट्रापुरती ती ३० एप्रिलपर्यंत वाढवली. मग केंद्राने ३ मे केली, १७ मे केली, ३१ मे केली. जूनपासून राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं. नाव पुन्हा सुरुवातीचं, पण कागदावर पुन्हा मुदतवाढच. ३० जून, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट असं करत गाडी २०२१ पर्यंत गेली.

यात कायद्याची एक गुंतागुंत होती. भारताच्या राज्यघटनेत साथीसाठी वेगळी आणीबाणी नाही. साथरोग कायद्याला मुदत नाही. जमावबंदीच्या तेव्हाच्या कलम १४४ चा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालवायचा तर राज्य सरकारलाच तो वाढवावा लागे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मुळात भूकंप-पुरांच्या अनुभवातून आलेला. या तिन्हींच्या आधाराने रोजचा कारभार चालला आणि तारखा मात्र दर पंधरवड्याला, दर महिन्याला नव्याने लिहाव्या लागल्या. अनेक आदेश मुदत संपायला एक-दोन दिवस उरले असताना निघाले. दुकानात माल भरायचा की नाही, लग्नाची तिथी धरायची की नाही, हे ठरवायला माणसाला एवढाच अवधी. तरीही ‘पुढील आदेशापर्यंत’ असं उघडं ठेवण्यापेक्षा तारीख घालणं चांगलंच. तारीख असली की कुणाला तरी पुन्हा आकडे बघून सही करावी लागते.

या मुदतवाढीचा पहिला मोठा चटका बसला तो ऊसतोड कामगारांना. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून दर दिवाळीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळ कोपी घालून सहा महिने काढायचे. मार्च संपताना हंगाम आटोपतो आणि गाड्या, बैलं, पोरंबाळं घेऊन माणसं घराकडे फिरतात. २०२० मध्ये नेमकं तेव्हाच जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. ऊस संपला, काम संपलं, पण कोपी सुटेना. राज्यभरात लाखाहून अधिक मजूर असे कारखान्यांवर अडकले, त्यात सर्वाधिक बीडचे आणि त्यांच्याबरोबर परभणी-नगरकडचे. १७ एप्रिलला शासनाने परतीची वाट मोकळी केली. कारखान्याने तपासणी करायची, यादी करायची, प्रमाणपत्र द्यायचं, गावातल्या सरपंचाला कळवायचं. मंत्रालयात मुदत पंधरा दिवसांनी वाढते तेव्हा उघड्यावर पाल टाकून बसलेल्या बाईला पंधरा दिवसांचं पीठ-मीठ कुठून आणायचं हा प्रश्न असतो. हा हिशेब पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता.

८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालत निघाले होते. तेव्हा १७ मेपर्यंतची मुदत चालू होती.

गंगाखेडच्या घाटावर बंदीची झळ वेगळी होती. अंत्यविधीला वीस माणसं, एवढीच परवानगी. ज्या गावात अस्थी घेऊन येणाऱ्यांच्या गाड्या कधी थांबल्या नाहीत, तिथे आपल्याच गल्लीतल्या माणसाला खांदा द्यायला कोणी जायचं हे मोजून ठरू लागलं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक मास आला. अधिकात गोदास्नानाचं महत्त्व केवढं, आणि मंदिरांची दारं बंद.

बंदी वाढली ती नेहमी इंग्रजी महिन्याच्या तारखेने. उठली ती मात्र पंचांगाच्या तिथीने. मंदिरं उघडली १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला. निर्बंध पूर्णपणे उठले २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला. सरकारला लोकांचं मन कळत होतं, हे यावरून दिसतं. बंदी कुठल्याही मंगळवारी वाढवता येते, पण मोकळं व्हायला लोकांना शुभ दिवस लागतो.

मधली दुसरी लाट सगळ्यांत कठीण गेली. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठला ‘ब्रेक द चेन’ची कडक बंदी लागली, १ मेपर्यंत. मग १५ मे, मग १ जून, मग १५ जून. लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजारांचा दंड. लग्नाच्या पंगती जिथे दिवसभर उठतात त्या मराठवाड्यात मांडव दारातच, घरच्या माणसांपुरता पडला.

जागतिक आरोग्य संघटनेनेही ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी साधारण तीन-तीन महिन्यांनी आढावा घेत वाढवली. पंधराव्या बैठकीनंतर, ५ मे २०२३ ला, ती संपली. गंगाखेडात त्याआधी वर्षभर सगळं खुलं झालं होतं.

आषाढीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीकडून गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडात येते आणि पुढे परळीच्या वाटेला लागते. पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या सरळ रांगा, खांद्यावर पताका, मधे टाळ-मृदंग. २०२० मध्ये ती आली नाही, २०२१ मध्येही आली नाही. त्या दोन वर्षी मानाच्या मोजक्या पादुकाच एसटी बसमधून पंढरपूरला पोचल्या. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या जनाबाईच्या गावातून पायी जाणारं कोणी नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये पालखी पुन्हा पायी निघाली.