पीप साइटचे सुटे भाग आणि दादासाहेब मावळंकरांचा वारसा

लोकसभेचे पहिले सभापती म्हणून गणेश वासुदेव मावळंकर सगळ्यांना माहीत आहेत. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म १८८८ चा बडोद्याचा, वकिली अहमदाबादची आणि राजकारण गांधीजींच्या हाताखालचं. १७ एप्रिल १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही हेच दादासाहेब. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय चाचणी आजही त्यांच्याच नावाने भरते. गुजरातेत रुजलेल्या मराठी माणसांत आपण सहसा गायक, चित्रकार, संस्थानी कारभारी शोधतो. रायफलवाला मात्र आपल्या यादीत नसतो.

गांधीवादी माणूस आणि रायफल हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तेवढी विसंगती नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं. अख्ख्या देशाला नि:शस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत मोडतो, असं खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या वेळी म्हटलं होतं. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत नागरिकाच्या हातात शिस्तीने रायफल देणारी संस्था उभी राहिली, याला वेगळाच अर्थ होता. तेव्हा आपलं पलसाणाही मुंबई राज्यातच होतं. १ मे १९६० पर्यंत मुंबईचा नेमबाज आणि सुरतेचा नेमबाज एकाच राज्याचे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या पिढीच्या रायफली हा वारसा आहे हे पटवून द्यावं लागत नाही, बंदूक दिसली की लोक जवळ येतातच. पण निशाण्याच्या रायफलीचा जीव नळीच्या वर बसवलेल्या मूठभर लोखंडात असतो. त्याला कुणी पीप साइट म्हणतं, कुणी ॲपर्चर साइट, जुने लोक नुसतं ‘भोक’ म्हणतात. हा भाग दोन-तीन स्क्रूंनी बसतो, त्यामुळे तोच आधी हरवतो.

पोलिसांकडे असायची ती जुनी एस.एम.एल.ई. ३०३ आठवा. तिच्या मागच्या साइटला उघडी खाच, पुढे माशी. डोळ्याला खाच, माशी आणि निशाण हे तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही. पुढे आलेल्या नंबर ४ रायफलीत मागची साइट डोळ्याजवळ आणली आणि खाचेच्या जागी भोक दिलं. भोकातून बघताना डोळा आपोआप मधोमध जातो, कारण उजेड तिथेच जास्त असतो. शिवाय बारीक छिद्रामुळे माशी आणि निशाण दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी ठळक दिसतात. भोक साधारण एक-सव्वा मिलिमीटरचं असतं. त्याहून बारीक केलं तर चित्र काळवंडतं. नवशिका भोकाकडेच बघत बसतो. बघायचं असतं पुढच्या माशीकडे, किंवा माशीच्या जागी कडी बसवली असेल तर कडीतल्या काळ्या गोलाकडे.

३०३ हा आपल्याकडे नागरिकांसाठी निषिद्ध बोर. त्यामुळे क्लबांत मुख्यतः पॉइंट टू-टू चालली. बीएसएच्या मार्टिनी जातीच्या रायफली आणि त्यांवर बर्मिंगहॅमच्याच पार्कर-हेलच्या साइट ही इंग्रजी वळणाची जोडी, नंतर जर्मन ॲन्शुट्झ. एनसीसीत ज्यांनी टू-टू चालवली असेल त्यांना ‘नेम धर, श्वास रोख, घोडा हळू दाब’ हे अजून पाठ असेल. अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. या प्रकारांत दुर्बीण चालत नाही, नेम भोकातूनच धरायचा.

साइट लावणं म्हणजे काय ते पाहू. मागची साइट आणि पुढची कडी यांत ७५ सेंटिमीटर अंतर धरा. मागचं भोक एक दशांश मिलिमीटर सरकलं, तर पन्नास मीटरवर गोळी सुमारे पावणेसात मिलिमीटर सरकते. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणून साइटच्या बटणाला खटके असतात. पाव मिनिटाचा खटका म्हणजे पन्नास मीटरवर ३.६ मिलिमीटर. नियम सोपा: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्यायची. पुढची साइट मात्र उलट. एका गोळीवरून साइट कधी हलवू नये. पाच झाडाव्या, त्यांच्या पुंजक्याचा मध्य काढावा आणि मग खटके मोजावे.

इथे जुन्या साइटचं दुखणं सुरू होतं. स्क्रूचे आटे झिजले की बटण दोन खटके फिरतं, पण भोक जागचं हलत नाही. असली साइट असेल तर नेहमी एकाच बाजूने आकड्यावर यायचं. खाली उतरायचं असलं तरी आधी चार खटके जास्त उतरायचं आणि मग वर चढून थांबायचं. विणकामाच्या मशीनवर सेटिंग करणाऱ्या कारागिराला हे सांगावं लागत नाही. दुसरा घोळ अक्षरांचा. इंग्रजी साइटवर ‘अप’ म्हणजे गोळी वर जाणार. बऱ्याच जर्मन साइटवर ‘एच’ म्हणजे होख, वर. पण त्याचा अर्थ ‘गोळी वर लागत असेल तर इकडे फिरवा’ असा असतो, म्हणजे बरोबर उलटा. अनोळखी साइट हातात आली की पाच गोळ्या, दहा खटके, पुन्हा पाच गोळ्या, असं करून स्वतःच खात्री करावी.

सुट्या भागांची रड जुनीच आहे. बीएसएचा मोठा कारभार १९७३ च्या सुमारास कोसळला. पार्कर-हेलचा रायफलींचा धंदा १९९२ मध्ये अमेरिकेत विकला गेला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून बंदुकांच्या खाजगी आयातीवर निर्बंध आले, सवलत राहिली ती नावाजलेल्या नेमबाजांपुरती. मग भाग आणायचे कुठून? पलसाणा-कडोदरा पट्ट्यात कापड-प्रोसेसिंगच्या कारखान्यांमुळे लेथवाल्यांची वाण नाही. पण साइटचा स्क्रू घेऊन त्यांच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. जुन्या इंग्रजी साइटवर बहुधा बीए आटे असतात, त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, तर मेट्रिकचा साठ. ४ बीएचा स्क्रू ३.६ मिलिमीटरचा, अंतर ०.६६. त्या भोकात साडेतीनचा मेट्रिक स्क्रू ढिला दोन फेरे जातो आणि मग अडकतो. जोर लावला की जुने आटे गेलेच. ‘टॅप मारून मोठा स्क्रू बसवून देतो’ असं कुणी म्हटलं तर साइट उचलावी आणि घरी यावं. जुनी विजेची मीटर, मोजमापाची इंग्रजी उपकरणं भंगारात निघतात, त्यांत बीए स्क्रू हमखास सापडतात. स्क्रू, खटक्याची बारीक गोळी, स्प्रिंग, पुढच्या कड्या एवढं नव्याने करता येतं. कोरलेली व्हर्नियर पट्टी मात्र गेली की गेली.

पुढच्या कडीचंही गणित आहे. पन्नास मीटरवरचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा. डोळ्यापासून नव्वद सेंटिमीटरवरच्या कडीत तो साधारण दोन मिलिमीटरचा दिसतो. कडी सव्वातीन ते पावणेचारची ठेवली तर भोवती पांढरी किनार उरते, आणि ती किनार सगळीकडून सारखी ठेवणं म्हणजेच नेम. या कड्या पातळ पत्र्याच्या असतात, पेटीत सुट्या पडलेल्या असतात आणि वॉशर समजून फेकल्या जातात.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण कायद्यात आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या, वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. जास्तीची जमा करायची. टू-टू किंवा एअर रायफलवर सराव करणाऱ्या मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्यांना या मर्यादेतून सूट आहे. पण आजोबांची टू-टू घरात असलेला प्रत्येक जण क्लबचा सदस्य नसतो. मग दोन शिकारी बंदुका राहतात आणि निशाण्याची रायफल साइटसकट जमा होते.

आपल्या कुटुंबात असं काही असेल तर जमा करण्याआधी परवानाधारकाच्या समोर, त्याच्याच घरी, नोंद करावी. साइटचे चारी बाजूंनी फोटो काढावे आणि त्यांवरची अक्षरं व आकडे टिपावे. पेटीतल्या कड्या मोजून त्यांचे व्यास लिहावे. साइट काढून ठेवायची असेल तर आधी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारावं, कारण १९५९ च्या कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच तिचे भागही येतात. आणि बटणं फिरवण्याआधी व्हर्नियरवरचा आकडा तेवढा लिहून घ्या. ज्याने ती साइट शेवटची लावली, त्याच्या डोळ्याचं आणि त्याच्या अंतराचं माप त्या आकड्यात आहे, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं.