मायना, मोर्तब आणि चॅटबॉट

सावर्ड्यातल्या एखाद्या कात कारखान्याने कचेरीत चॅटबॉट बसवला, तर आधी ठरवावे लागेल ते हे: कातासाठी खैराचे लाकूड विकणाऱ्याशी कोणत्या सुरात बोलायचे, कोणते कागद उघडायचे आणि भावाचा प्रश्न मालकाकडे कधी सोपवायचा. हे काम नवे वाटते, पण मराठी दफ्तराला ते जुनेच आहे. यादवकाळातल्या हेमाद्रीच्या नावाने चालत आलेले मेस्तक पत्रलेखनाची रीत बांधून देते; पुढे शास्त्र्याला ‘वेदमूर्ती’, मानकऱ्याला ‘राजमान्य राजश्री’ हे मायने इतके पक्के झाले की कारकुनाला विचार करावाच लागत नसे.

कोणी म्हणेल, चिटणीस माणूस होता, त्याला मजकूर कळत होता. यंत्राला नुसत्या सूचना. खरे आहे. पण बाळाजी आवजींसारखा जाणता चिटणीस असूनही शिवाजी महाराजांचा दरबार एकट्याच्या जाणतेपणावर विसंबला नाही. 1674 च्या राज्याभिषेकानंतरच्या व्यवस्थेत राजपत्रातला अधिकउणा मजकूर शुद्ध करणे सचिवाचे काम होते आणि पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटे, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. चॅटबॉटला नेमून दिलेली हद्द याच जातीची, फक्त कमी देखणी. मात्र सगळेच वरून ठरवता येत नाही. त्याच काळातल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी अर्ज आणि हुकूम आजही टिकून आहेत. म्हणून चॅटबॉटची भाषा प्रमाण मराठी ठेवली, तरी संगमेश्वरी बोलीत आलेला प्रश्न त्याला कळतो का, हे आधी तपासावे लागेल.