ऑइल चेंजचं कूळ घोड्याच्या साजात

मोटारीच्या सर्व्हिसिंगचा इतिहास सांगणारे बहुधा आगगाडीपासून सुरुवात करतात. माझ्या मते ही सुरुवात चुकीच्या जागी होते. दर ठरावीक मुदतीनं, काही बिघडलेलं नसतानाही, मालकानं स्वतः आठवण ठेवून तेलपाणी करायचं ही सवय मोटारीला घोड्याच्या साजाकडून मिळाली.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी मॅथ्यू यूइंग नावाचा सुतार खनिज तेलातून रॉकेल काढण्याची नवी रीत शोधत होता. भांड्यातली हवा उपसून घेतली की तेल कमी आचेवर उकळतं, हे त्याच्या प्रयोगाचं मर्म. पण हायरम एव्हरेस्ट या त्याच्या भागीदाराच्या नजरेत भरलं ते तळाशी उरलेलं दाट तेल. आच कमी लागल्यामुळे ते करपलेलं नव्हतं. 1866 साली दोघांनी व्हॅक्यूम ऑइल कंपनी काढली आणि या तेलाला पहिलं गिऱ्हाईक शोधलं ते घोडेवाल्यांमध्ये. साजाचं कातडं मऊ राखणारं 'व्हॅक्यूम हार्नेस ऑइल' हा त्यांचा पहिला माल. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठी तेल आलं ते त्यामागून. तोवर सिलिंडरात जनावरांची चरबी घालत; तापलेल्या वाफेत ती कुजून आम्ल तयार होई आणि लोखंड खाई. खनिज तेलाचं तसं होत नसे. पुढे याच कंपनीनं मोटारींसाठी 'मोबिलऑइल' आणलं. उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालात कुठल्याही कंपनीच्या इंजिन ऑइलला आजही सर्रास 'मोबिल' म्हणतात, ते त्याच नावावरून.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, एकाच दुकानात दोन माल विकले गेले म्हणून त्यांचं नातं जुळत नाही. पण साजाचं तेल खरोखरच मोटारीत शिरलं होतं, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा दुवा तो हाच. सुरुवातीच्या कितीतरी मोटारींचा क्लच कातड्याचा होता. फ्लायव्हीलच्या खोलगट पोटात कातडं मढवलेला शंकू जाऊन बसे आणि घर्षणानं गाडी पुढे निघे. कातडं वाळलं की क्लच एकदम पकडे, गाडी हिसका देऊन उसळे. म्हणून त्याला अधूनमधून तेल द्यावं लागे; आणि ते कुठलं, तर एरंडेल, नाहीतर गुरांच्या पायांच्या नळ्या-खुरांपासून काढलेलं, साजाला चोळतात तेच. तेल जास्त झालं की क्लच घसरे, मग त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरत. तबेल्यातली तेलाची बाटली गॅरेजच्या फळीवर गेली आणि तिच्याबरोबर ती वापरायची शिस्तही गेली. साजाला तेल लावायचं ते पट्टा तुटल्यावर नव्हे, तुटू नये म्हणून, हे घोडेवाल्याला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

आता प्रतिपक्ष. आगगाडीवाले एलायजा मॅकॉयचं नाव पुढे करतात. कॅनडात जन्मलेला, गुलामीतून निसटून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा स्कॉटलंडला जाऊन इंजिनियर झाला. पण कृष्णवर्णीय म्हणून मिशिगनच्या रेल्वेत त्याला कोळसा टाकण्याचं आणि तेल घालण्याचं काम मिळालं. 1872 मध्ये त्यानं इंजिन चालू असतानाच आपोआप तेल पुरवणाऱ्या कपाचं पेटंट घेतलं. 'रिअल मॅकॉय', म्हणजे अस्सल चीज, हा इंग्रजी वाक्प्रचार त्याच्यावरून आला असं सांगतात. मला ते पटत नाही, कारण स्कॉटलंडमध्ये 'रिअल मॅके' हे त्याच्या पेटंटाआधीच रूढ होतं. माणूस मोठा, यात शंका नाही. पण त्याचा शोध आपल्या प्रश्नाच्या उलट दिशेनं जातो. थेंब थेंब तेल अखंड पडत राहिलं तर मुदत पाळायचं कारणच उरत नाही. सुरुवातीच्या मोटारींत असेच ठिबक तेलकप होते. तेल इंजिनात जाई, जळे किंवा रस्त्यावर गळे. जे तेल टिकतच नाही ते बदलणार काय? ऑइल चेंज जन्माला आला तो तेच तेल इंजिनाच्या तळाशी साठून पुन्हा पुन्हा फिरू लागल्यावर.

दुसरा दावेदार जास्त बळकट आहे. इंग्लंडमध्ये 1784 पासून टपालाच्या घोडागाड्या धावू लागल्या. रात्रभर धावून लंडनला पोचलेली गाडी सकाळी मिलबँकला व्हिडलरच्या कारखान्यात जाई. तिथे ती धुऊन, तपासून, आसांना वंगण घालून संध्याकाळच्या फेरीला सज्ज होई. हे सर्व्हिसिंगच, आणि तेही अव्वल दर्जाचं. मात्र ते पगारी माणसांचं काम होतं, मालकाच्या स्मरणशक्तीवर सोडलेलं नव्हतं.

म्हणून मी वारसा वाटून देतो. आपल्या सर्व्हिस बुकात लिहिलेलं असतं: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. यातले किलोमीटर टपालगाडीचे, कारण तिची देखभाल प्रत्येक धावेनंतर होई. फोर्डच्या मॉडेल टीची पुस्तिका पहिल्या 400 मैलांनंतर आणि पुढे साधारण दर 750 मैलांनी तेल काढायला सांगते. तिथे सगळा हिशेब धावेचा. महिने मात्र साजाचे. कातडं खुंटीवर टांगलेलं असलं तरी वाळतं, हे ज्ञान घोडेवाल्याचं.

व्हॅक्यूम कंपनीच्या बोधचिन्हातल्या पंख असलेल्या घोड्यालाही काही जण या साजाशी जोडू पाहतात. माझ्या सिद्धान्ताला ते सोयीचं आहे, तरी मी तो पुरावा घेत नाही. तो घोडा 1911 साली दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला नोंदवला गेला. तो ग्रीक पुराणातला पेगॅसस. रॉचेस्टरच्या तबेल्याशी त्याचा संबंध नाही.

त्याहून पक्कं नातं मुंबईत सापडतं. 1954 मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला तो 'स्टॅन्डर्ड-व्हॅक्यूम' कंपनीचा. त्यातला 'व्हॅक्यूम' म्हणजे यूइंगचं हवा उपसलेलं भांडं. तोच कारखाना पुढे एस्सोकडे आणि 1974 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आला. कॅस्ट्रॉलचा संस्थापक चार्ल्स वेकफिल्ड हाही आधी व्हॅक्यूम ऑइलचाच नोकर. एरंडेल मिसळलेल्या तेलाला त्यानं कॅस्ट्रॉल नाव दिलं ते 1909 मध्ये.

फिल्टर आला, तेलं सुधारली, आणि 750 मैलांचे आज बऱ्याच गाड्यांना 10,000 किलोमीटर झाले. महिन्यांची अट मात्र गेली नाही, आणि लोक दुर्लक्ष करतात ते नेमकं तिच्याकडेच. बाजारापुरत्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी तेलात उतरतं, उडून जात नाही, आणि आम्ल साचत राहतं. तेव्हा तुमची गाडी वर्षभरात 3,000 किलोमीटरच फिरली असेल, तरी सर्व्हिस बुकातली तारीख बघा आणि तेल बदलून घ्या.